गंगेतून माल पाठवताय? मग जलवाहक योजनेतून खर्चाचे पैसे परत कसे घ्यायचे ते आधी वाचा

मी बडोद्याची. माहेर दांडिया बाजारात, सासर मांजलपूरला आणि गेली अकरा वर्षं सयाजीगंजमधल्या एका ट्रेडिंग पेढीत डिस्पॅच आणि बिलिंग माझ्याकडे आहे. आमचा माल जिप्सम, बाहेरदेशातून जहाजाने बंगालमधल्या हल्दिया बंदरात उतरतो आणि तिथून बिहारमधल्या सिमेंट ग्राइंडिंग युनिटना जातो. बडोद्यात या मालाचा एक खडासुद्धा येत नाही, येतात ते कागद आणि ते सगळे माझ्या टेबलावर येतात.

पहिली खेप आम्ही गंगेतून पाठवली तेव्हा माल नीट पोचला, पार्टी खूश, शेठ खूश, पण सरकारकडून खर्चाचा जो भाग परत मिळायला हवा होता त्याचा क्लेमच उभा करता आला नाही. कारण एकच. आमच्या फॉरवर्डरने, म्हणजे माल पोचवायची सगळी व्यवस्था करणाऱ्या एजंटने, हल्दियाच्या गोदीपासून कारखान्याच्या गेटपर्यंत सगळ्याचं मिळून एकच बिल दिलं होतं, त्यात पाण्यावरचा खर्च किती आणि ट्रकचा किती हे कुठेच दिसत नव्हतं. तीन आठवडे मी फोन करत राहिले, शेवटी नाद सोडला. दुसऱ्या खेपेला मात्र सगळं आधीपासून लावून घेतलं आणि फाइलमधला एकही कागद परत मागितला गेला नाही. त्यामुळे जे कोणी पहिल्यांदा करणार आहेत, मग ते बडोद्याचे असोत, इंदूरचे असोत नाहीतर नागपूरचे, त्यांनी बार्ज, म्हणजे माल नेणारी सपाट तळाची मोठी बोट, ठरवायच्या आधी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. बार्ज सुटल्यावर वाचून फार काही हाती लागत नाही.

१. योजना नेमकी काय आहे

नाव जलवाहक. १५ डिसेंबर २०२४ ला कोलकात्यात केंद्रीय मंत्री सर्बानंद सोनोवाल यांनी सुरू केली. चालवते आयडब्ल्यूएआय, म्हणजे भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण, ज्याचं मुख्य ऑफिस नोएडाला आहे, आणि सोबत आयसीएसएल म्हणजे शिपिंग कॉर्पोरेशनची इनलँड अँड कोस्टल शिपिंग ही कंपनी. मुदत ३ वर्षं, तरतूद साधारण ९५.४ कोटी रुपये.

मिळतं काय, तर जलमार्गाच्या प्रवासात मालवाहतुकीवर प्रत्यक्ष झालेल्या ऑपरेटिंग खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत रक्कम परत. यातले तीन शब्द मी आमच्या ऑफिसच्या पाटीवर लिहून ठेवले होते: जलमार्ग, प्रत्यक्ष, पर्यंत. जलमार्ग म्हणजे ट्रकचा खर्च त्यात धरायचा नाही. प्रत्यक्ष म्हणजे कोटेशन चालत नाही, झालेला खर्च दाखवायचा. आणि पर्यंत म्हणजे ३५ हा वरचा आकडा आहे, पार्टीला भाव देताना पूर्ण ३५ धरून भाव देऊ नका.

अटींमधल्या दोन मोठ्या. एक, जलमार्गाचं अंतर ३०० किलोमीटरच्या वर हवं. दोन, जलमार्ग ठरलेले आहेत: राष्ट्रीय जलमार्ग १ म्हणजे गंगा, हल्दिया ते प्रयागराज १६२० किमी. जलमार्ग २ म्हणजे ब्रह्मपुत्रा, धुबरी ते सदिया ८९१ किमी. आणि जलमार्ग १६ म्हणजे आसाममधली बराक, शेवटच्या दोन्हीकडे बांगलादेशातून जाणाऱ्या प्रोटोकॉल मार्गाने, म्हणजे दोन देशांच्या करारातल्या नदीमार्गाने, पोचता येतं. साहिबगंजहून मनिहारीला नदी ओलांडून ट्रक नेतात तशी छोटी फेरी यात बसत नाही, नदी तीच असली तरी अंतर कमी पडतं.

२. आपल्या नर्मदेचं काय

हा प्रश्न मला बडोद्यात प्रत्येकाने विचारला. माझे चुलत सासरे भरूचला होते, ते तर म्हणाले, अगं आपली नर्मदा राष्ट्रीय जलमार्ग आहे ना, मग दहेज बंदराच्या मालाला का नाही मिळणार? खरंय, नर्मदा आहेच. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने आधीच्या ५ मध्ये १०६ नवे घातले आणि एकूण १११ झाले, त्यात मही ६६ नंबरला, नर्मदा ७३, साबरमती ८७ आणि तापी १००. पण यादीत नाव असणं वेगळं आणि या योजनेत असणं वेगळं. जलवाहक फक्त वरच्या तीन जलमार्गांना आहे. मही-नर्मदेच्या नावाने कोणी सबसिडी मिळवून देतो म्हणून फी मागत असेल तर एक रुपया देऊ नका.

दुसरं म्हणजे बडोद्यात तयार होणारा माल पाटण्याला पाठवायचाय म्हणून तो कोलकात्याला नेऊन गंगेत टाकायचा, हेही करू नका. आमच्या एका ओळखीच्या शेठना कोणीतरी हे पटवलं होतं. बडोद्याहून पाटणा सरळ रस्त्याने जवळ आहे, कोलकात्याचा वळसा घालून सबसिडी मिळाली तरी भाडं त्याच्या वर जाईल. ज्यांचा माल हल्दिया-कोलकात्याला समुद्रातून उतरतो, ज्यांचे तिकडे गोदाम किंवा प्लँट आहेत, किंवा ज्यांना आसामला जड आणि अवजड माल न्यायचा असतो त्यांच्यासाठी नदी कामाची आहे. आपल्या मकरपुरा, सावली भागातले फॅब्रिकेशनवाले रिफायनरीला लागणारे मोठे व्हेसल आणि कॉलम, म्हणजे अवाढव्य टाक्या आणि मनोरे, बनवतात, तसला माल रस्त्याच्या पुलांवरून नेणं फार अवघड असतं, आसामच्या नुमालीगड रिफायनरीच्या विस्ताराचा असा अवजड माल ब्रह्मपुत्रेतूनच गेलाय.

३. शेठला हिशोब सबसिडीशिवाय दाखवा

हा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. योजना ३ वर्षांची आहे आणि पैसा ठरावीक आहे. तुमचा धंदा सबसिडी धरूनच जमत असेल तर योजना संपल्यावर तुम्ही पार्टीला तोच भाव देऊ शकणार नाही. म्हणून दोन रकाने काढा, एकात सबसिडी शून्य धरा.

पाण्याचा फायदा खरा आहे, त्यात शंका नको. जलमार्गाच्या सरकारी कागदांत नेहमी दिला जाणारा आकडा असा की १ लिटर इंधनात १ टन माल रस्त्याने २४ किमी, रेल्वेने ८५ किमी आणि पाण्याने १०५ किमी जातो. पण लक्षात घ्या, रेल्वे आणि पाणी यात फरक फार नाही, आणि पाण्याला दोन्ही टोकांना ट्रक लागतो, चढवणं-उतरवणं दोनदा होतं. तुमच्या कारखान्यात रेल्वेचं सायडिंग असेल तर आधी रेल्वेचा भाव घ्या, मग नदीकडे या.

उदाहरणाला सोपे आकडे घेते. समजा १००० टन माल, पाण्यावरचा खर्च १० लाख, दोन्ही टोकांची ट्रक आणि हाताळणी मिळून ५ लाख. एकूण १५. आता घाईत माणूस १५ वर ३५ टक्के काढतो आणि सव्वापाच लाख मिळणार म्हणतो. मिळू शकतात ते १० लाखांवर, म्हणजे जास्तीत जास्त साडेतीन लाख. हा पावणेदोन लाखांचा फरक आमच्याकडेही आधीच्या कोटेशनमध्ये घुसला होता आणि तो कमी करायला नंतर पार्टीशी बोलणं फार जड गेलं. शिवाय पैसे नंतर येतात, आधी पूर्ण खर्च तुमच्या खिशातून जातो, तर तेवढे दिवस पैसा अडकलेला राहील त्याचं व्याजही मांडा.

४. पाणी किती आहे ते बघा

आपण बडोद्याचे लोक विश्वामित्रीचा पूर बघून मोठे झालो, नदी म्हणजे पावसाळ्यात जास्त पाणी आणि उन्हाळ्यात कमी एवढं माहीत असतं. बार्जसाठी एवढं पुरत नाही. गंगेत हल्दिया ते बाढ ३ मीटर, बाढ ते गाझीपूर अडीच मीटर आणि गाझीपूर ते वाराणसी २.२ मीटर खोली ठेवायचं सरकारचं लक्ष्य आहे. उन्हाळ्यात प्रवाह अरुंद होतो, तेव्हा नदीत बांबू आणि चटयांचे आडोसे उभे करतात, त्याला बंडालिंग म्हणतात, त्याने पाणी एका ओळीत वळतं आणि खोली टिकते. मी पाटण्याला गेले तेव्हा ते पहिल्यांदा पाहिलं, लांबून कोणी नदीत कुंपण घातलंय असं वाटतं.

आयडब्ल्यूएआयची लॅडिस नावाची ऑनलाइन सोय आहे, तिथे नदीच्या कुठल्या टप्प्यात कमीत कमी किती खोली आहे ते दिसतं. बार्ज ठरवायच्या आधी आणि लोडिंगच्या आदल्या दिवशी, असं दोनदा बघा आणि दोन्ही वेळेला स्क्रीनचा फोटो फाइलला लावून ठेवा. पाणी कमी म्हणून बार्ज कमी भरावी लागली आणि टनामागचा खर्च वाढला, तर का वाढला हे दाखवायला तो उपयोगी पडतो.

आणखी तीन गोष्टी. फरक्क्याच्या धरणापाशी लॉकमधून, म्हणजे पाणी वर-खाली करून बोट पलीकडे सोडणाऱ्या दारांमधून, जावं लागतं, तिथे नंबर लागतो, वेळ धरून चाला. पाटण्याच्या भागात आणि वरच्या बाजूला कोरड्या महिन्यांत पीपा पूल, म्हणजे पिंपांवर तरंगणारे पूल, असतात, बार्जसाठी तो उघडावा लागतो. आणि डिसेंबर-जानेवारीत धुकं. भाड्याच्या करारात वेटिंगचे दिवस किती मोफत आणि नंतर रोजचा आकार किती हे स्पष्ट लिहून घ्या.

सणांचंही सांगते कारण यात आम्ही अडकलो. आपल्याकडे दिवाळीपासून लाभपाचमपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, ऑफिस बंद. लाभपाचमला मुहूर्त करून आपण कामाला लागतो आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी बिहारमध्ये छठ असते, तिथला सगळा लेबर गावी आणि घाटांवर गर्दी. या दहा-बारा दिवसांत पाटण्याला अनलोडिंग येईल असं काहीही ठरवू नका.

५. बार्ज ठरवताना काय मागायचं

१९१७ चा जुना कायदा जाऊन आता इनलँड व्हेसल्स कायदा २०२१ आहे. त्याप्रमाणे एका राज्यात रजिस्टर झालेलं जहाज सगळ्या देशात चालतं, प्रत्येक राज्याची वेगळी परवानगी लागत नाही. तेव्हा बंगालची बार्ज बिहारमध्ये चालत नाही असं सांगून कोणी जास्तीचा खर्च लावत असेल तर मानू नका. ऑपरेटरकडून रजिस्ट्रेशन, सर्व्हे सर्टिफिकेट आणि विमा या तिन्हींच्या प्रती करार करण्याआधी घ्या, आणि त्यावरची तारीख तुमचा प्रवास संपेपर्यंत चालतेय का ते स्वतः वाचा. एजंट म्हणतो सगळं ओके आहे, तेव्हाही वाचा.

पहिल्यांदाच करताय आणि माल कमी आहे तर ठरलेल्या दिवसांची शेड्यूल सेवाही बघा, जलवाहकबरोबरच ती सुरू झाली, कोलकाता-पाटणा-वाराणसी आणि परत, तसंच कोलकाता ते गुवाहाटीतल्या पांडू बंदरापर्यंत. त्या दिवशी झेंडा दाखवलेल्या जहाजांपैकी एकात १००० टन जिप्समच पाटण्याला गेलं होतं, ते वाचूनच आमच्या शेठच्या डोक्यात हे आलं. खासगी जहाजं वापरणाऱ्यांनाही प्रोत्साहन द्यायचं हा योजनेचा मोठा हेतू आहे, त्यामुळे तुमची बार्ज कोणाची आहे आणि त्यावर क्लेम कसा बसतो हे आयडब्ल्यूएआयला ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर मिळालेलं उत्तर फाइलला लावता येत नाही.

मालाचा विमा वेगळा. इथे मोठा खड्डा आहे. आपण देशातल्या वाहतुकीला जी पॉलिसी घेतो तिच्यात बहुतेक वेळा इनलँड ट्रान्झिट, रेल किंवा रोड असा क्लॉज असतो. नावातच रेल आणि रोड आहे, नदी नाही. इन्शुरन्सवाल्याकडून बार्जचा प्रवास आणि चढवणं-उतरवणं दोन्ही कव्हर आहे असं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली लेखी नोंद, लिहून घ्या. आमची पॉलिसी वर्षानुवर्षं आपोआप रिन्यू होत होती, कोणी उघडून बघितलीच नव्हती, मी बघितली म्हणून कळलं.

६. बिलं वेगळी करा, इथेच क्लेम ठरतो

फॉरवर्डरला वर्क ऑर्डर देतानाच लिहा की बिलं तीन वेगळी येतील. पहिलं, बंदरातली हाताळणी आणि बार्जमध्ये भरणं. दुसरं, फक्त जलमार्गाची वाहतूक, त्यावर बार्जचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर, कुठून कुठे, निघाल्याची आणि पोचल्याची तारीख, टन, आणि किलोमीटर. तिसरं, उतरवणं आणि शेवटचा ट्रक. वेटिंगचे पैसे झाले तर ते दुसऱ्या बिलात पण वेगळ्या ओळीत.

फॉरवर्डर कटकट करेल. आमचा म्हणाला, बेन, आम्ही तर सगळ्यांना लमसमच देतो. मी त्याला सांगितलं की भाऊ, बिल तीन आले तरी एकूण रक्कम तीच आहे, तुमचं काही जात नाही, आमचं मात्र लाखांत जातं. तेव्हा ऐकलं. आणि पेमेंटची अट तशीच घातली, तीन बिलं आल्याशिवाय शेवटचे २० टक्के सुटणार नाहीत. अट घातली की बिलं वेळेत येतात, हा माझा अनुभव.

बिलं वेगळी करण्याचा दुसरा फायदा जीएसटीचा. अंतर्देशीय जलमार्गाने माल वाहून देण्याच्या सेवेला जीएसटी माफ आहे. हाताळणीला मात्र लागतो आणि ट्रकचे नियम वेगळे. सगळं एका बिलात आलं की फॉरवर्डर सगळ्या रकमेवर टॅक्स लावून मोकळा होतो. पण नीट बघा, माल वाहून देणं आणि अख्खं जहाज भाड्याने घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, करार जहाज भाड्याचा असेल तर टॅक्सचं उत्तर बदलतं. कराराचा मसुदा सही करण्याआधी तुमच्या सीएला दाखवा.

सगळी पेमेंट बँकेतून करा. बार्जच्या सारंगाला, म्हणजे ती चालवणाऱ्या मुख्य खलाशाला, घाटावर रोख दिलेले पैसे, क्रूच्या जेवणाचे पैसे, असं काहीही प्रत्यक्ष खर्च म्हणून दाखवता येणार नाही.

७. ई-वे बिल, जिथे सगळे चुकतात

ई-वे बिल म्हणजे माल रस्त्यावर नेताना सोबत लागणारा जीएसटी पोर्टलवरचा कागद, त्याला दिवसांची मुदत असते. आपला स्टाफ रोज ट्रकची ई-वे बिलं काढतो, हाताला सवय असते, मोडमध्ये रोड दाबलं की झालं. रोडला २०० किलोमीटरमागे १ दिवस मिळतो. समजा पोर्टलवर ६०० किमी आले तर ३ दिवस. ३ दिवसांत बार्ज पाटण्याच्या जवळपाससुद्धा नसते. ज्या वाहतुकीत एक तरी टप्पा जहाजाचा आहे तिथे नियम २० किलोमीटरमागे १ दिवस असा आहे, म्हणजे त्याच ६०० किलोमीटरला ३० दिवस. मोड बरोबर निवडला तर एवढा मोठा फरक पडतो.

आमच्या पहिल्या खेपेत हेच झालं होतं, नव्या मुलाने रोड टाकलं, बार्ज बंगालमध्येच आणि ई-वे बिल संपायला आलेलं. मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत वाढवता येतं, मुदत मध्यरात्री संपते, म्हणजे ती खिडकी दुपारी चारला उघडत होती. मी रात्री घरून, माझ्या मुलाच्या टेबलावर बसून वाढवलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की नदीच्या मालाचं ई-वे बिल दोन जणांनी बघितल्याशिवाय जनरेट करायचं नाही. बार्जमधून ट्रकवर माल गेला की ई-वे बिलाच्या पार्ट बी मध्ये, म्हणजे गाडीची माहिती असते त्या भागात, ट्रकचा नंबर भरायला विसरू नका. १००० टन म्हणजे २५ टनाचे ४० ट्रक, प्रत्येकाचा कागद वेगळा.

८. वजन

ट्रकला काटा असतो. बार्जला काटा नाही. ती किती बुडाली त्यावरून वजन काढतात, त्याला ड्राफ्ट सर्व्हे म्हणतात. बार्जच्या अंगावर पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंना आकडे रंगवलेले असतात, सर्व्हेअर छोट्या होडीतून फिरून सहाही ठिकाणी पाणी कुठल्या आकड्यापर्यंत आहे ते वाचतो, मग बाटलीत पाणी घेऊन ते किती जड आहे हे मोजायला त्यात काचेची नळी सोडतो, कारण हल्दियाचं पाणी खाऱ्याच्या जवळचं आणि पाटण्याचं गोडं, त्याच वजनाची बार्ज दोन्हीकडे सारखी बुडत नाही. पाटण्याला गांधी सेतूखालच्या गायघाट टर्मिनलवर मी ते उभं राहून बघितलं. सर्व्हेअर काका वयस्कर होते, लाट आली की थांबायचे, ती खाली गेली की वाचायचे, परत वर आली की परत वाचायचे आणि मधला आकडा लिहायचे. त्यांचा एक सेंटीमीटर म्हणजे आपले कित्येक टन हे तिथे कळलं.

म्हणून दोन्ही टोकांना स्वतंत्र सर्व्हेअर लावा आणि रिपोर्टवर दोन्ही पार्ट्यांची सही घ्या. जिप्सम, कोळसा असा माल असेल तर ओलाव्याची टेस्टही दोन्हीकडे करा. पावसात माल भिजला की वजन वाढतं, उन्हात कमी होतं, आणि तुमचं इनव्हॉइस, ई-वे बिल, जलमार्गाचं बिल आणि सर्व्हे या चार ठिकाणी चार वेगळे आकडे दिसले तर फाइल तपासणारा माणूस विचारणारच. फरक असू दे, पण तो कशामुळे आहे हे एका कागदावर लिहून सही करून लावा.

९. फाइलमध्ये काय काय ठेवायचं

अर्जाचा नमुना आणि ताज्या गाइडलाइन्स आयडब्ल्यूएआयच्या वेबसाइटवरून किंवा त्यांच्या कोलकाता, पाटणा, गुवाहाटी इथल्या ऑफिसकडूनच घ्या, व्हॉट्सअॅपवर फिरणारी पीडीएफ नको. आणि माल लोड व्हायच्या आधी घ्या, म्हणजे त्यांना जो कागद हवा तो त्याच दिवशी तयार करता येतो. मी जी फाइल लावली ती अशी होती:

- पेढीचं पॅन, जीएसटी सर्टिफिकेट, कॅन्सल चेक
- बार्ज ऑपरेटर किंवा फॉरवर्डरबरोबरचा करार
- बार्जचं रजिस्ट्रेशन, सर्व्हे सर्टिफिकेट, विमा
- मालाचं इनव्हॉइस, आयात असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा आयातीचा कागद
- जलमार्गाच्या प्रवासाची माल मिळाल्याची पावती, म्हणजे आपल्या ट्रकच्या बिल्टीसारखी
- ई-वे बिल, वाढवलं असेल तर तेही
- दोन्ही टोकांचे ड्राफ्ट सर्व्हे रिपोर्ट
- टर्मिनलवर आल्याची आणि सुटल्याची नोंद
- तिन्ही बिलं आणि प्रत्येकाचं बँक पेमेंट
- खर्चाचा एक तक्ता, सीएच्या सहीने, ज्यात पाण्यावरचा खर्च एका बाजूला आणि बाकीचा दुसऱ्या बाजूला

प्रत्येक कागदावर बार्जचं नाव एकसारखं लिहिलंय का बघा. एका ठिकाणी नावाआधी एमव्ही (मोटर व्हेसल) लावलं, दुसऱ्या ठिकाणी नाही, तिसरीकडे स्पेलिंग वेगळं, असं आमच्याकडे झालं होतं आणि ते दुरुस्त करायला पुन्हा तिघांच्या सह्या घ्याव्या लागल्या. तारखांचंही तसंच, पोचल्याची तारीख टर्मिनलच्या नोंदीत एक आणि बिलात दुसरी नको.

१०. स्वतःची बार्ज किंवा जेट्टी घ्यायची असेल तर

हे आम्ही केलेलं नाही, थोडक्यात सांगते. २०२५ च्या केंद्रीय बजेटपासून टनेज टॅक्सची सोय, म्हणजे नफ्याऐवजी जहाजाच्या टनेजवर कर, इनलँड जहाजांनाही लागू केली, ती जहाजाच्या मालकासाठी, माल पाठवणाऱ्यासाठी नाही. २०२५ मध्येच राष्ट्रीय जलमार्गांवर खासगी जेट्टी आणि टर्मिनल बांधायचे नवे नियम आले. कायमचं टर्मिनल तुम्ही ते असेपर्यंत चालवू शकता, तात्पुरत्याला सुरुवातीला ५ वर्षं आणि पुढे वाढ. ती परवानगी आहे, सबसिडी नाही, दोन्ही एकाच अर्जात मागू नका.

११. आसामला पाठवणाऱ्यांसाठी

कोलकात्याहून पांडूला जाणारी बार्ज सुंदरबनातून हेमनगरला भारताची हद्द सोडते, पलीकडे बांगलादेशातलं आंगटिहारा, मग बांगलादेशातल्या नद्यांतून वर चिलमारीवरून धुबरीला परत भारतात. हे १९७२ च्या करारावर चालतं. म्हणजे माल भारतातून भारतातच जातोय तरी मधे कस्टम्स आहे, आणि प्रत्येक खेपेला प्रवासाची परवानगी लागते, आपल्याकडून आयडब्ल्यूएआयची आणि त्यांच्याकडून तिथल्या प्राधिकरणाची. दोन देशांमधलं वातावरण बदललं की सीमेवरचे नियमही बदलतात, तेव्हा पार्टीला डिलिव्हरीची पक्की तारीख देऊ नका, महिना सांगा. बार्जवरच्या क्रूचे कागद, इंधन कुठे भरणार, वाटेत नदीची वाट दाखवणारा पायलट कोण, हे ऑपरेटरने आधी केलेल्या खेपांची यादी मागून तपासा. ज्याने हा मार्ग किमान पाच-सहा वेळा केलाय त्यालाच काम द्या, टनामागे पन्नास रुपये जास्त मागितले तरी द्या. आणि विम्याच्या एंडोर्समेंटमध्ये बांगलादेशाचा टप्पा नाव घेऊन लिहिलाय का ते पुन्हा एकदा वाचा, नुसतं कोलकाता ते पांडू लिहिलेलं असेल तर परत पाठवून दुरुस्त करून मागवा, बार्ज सुटायच्या आधी.